एका आकड्यात दोघी

थोरली आणि धाकटी यांच्यात अंतर जेमतेम पाव तासाचं. पण त्या पाव तासाचा रुबाब थोरलीनं आयुष्यभर मिरवला आणि धाकटीनं त्याचा फायदा आयुष्यभर उपटला. जुळ्या बहिणी, चेहरे इतके सारखे, की आईसुद्धा घाईत एकीच्या वाटणीचा धपाटा दुसरीच्या पाठीत घालायची. काही हवं असलं की धाकटी ‘ताई’ म्हणायची, एरवी नुसतं ‘ए’.

फरक होता तो स्वभावात. धाकटी पोहायला शिकवायची. पाण्यात उतरली की वाघीण. ढीगभर पोरांचा गलका एका आरोळीत बंद करायची. पण काचेपलीकडे कुणी शिक्का घेऊन बसलेलं दिसलं, की हिची दातखीळ बसलीच. शाळेतल्या फीच्या खिडकीपासूनची ही तऱ्हा. ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. मग थोरली पुढे व्हायची, आपणच धाकटी असल्यासारखं नाव सांगायची, तिची सही ठोकायची आणि पावती घेऊन बाहेर यायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की फोनवर कुणी धाकटीला विचारलं तरी थोरलीच्या तोंडून ‘हो, बोलतेय’ निघून जायचं. घरात यावर हसणं व्हायचं. यात घाबरण्यासारखं काही असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

थोरली कवळ्या बनवायची. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, खिडकीखाली तिचं टेबल. दवाखान्यांतून हिरड्यांचे साचे यायचे, त्यांत ती प्लास्टर ओतायची, त्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि मेणात एकेक दात बसवायची. उमेदीची सगळी वर्षं या टेबलापाशी गेली. लग्न करायचं राहून गेलं. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, त्याही कारखान्याबरोबरच्या. मालक आता थकले होते. सगळ्या गावाला दात पुरवणारा हा माणूस स्वतः बोळक्या तोंडानं फिरायचा आणि वर म्हणायचा, ‘माझ्या हातचे मला टोचतात.’

त्यांना सगळं विकून मुलाकडे राहायला जायचं होतं. एका मोठ्या कंपनीनं मागणी घातली होती. कंपनीला गिऱ्हाइकं हवी होती. टेबलं नको होती आणि टेबलावरचं माणूसही नको होतं. त्यांच्याकडे आता मशीनच कवळ्या काढतं म्हणे.

‘तुला द्यावं असं माझ्या मनात आहे,’ मालक म्हणाले. ‘पण महिनाअखेरपर्यंत बँकेचं पत्र आण, बाई. त्यापुढे ते लोक थांबायचे नाहीत.’

म्हणजे महिना संपताना एक तर कारखाना तिचा, नाही तर हातचं काम आणि डोक्यावरचं छप्पर एकदमच गेलं. मधला रस्ताच नव्हता.

थोरली बँकेत गेली ती मात्र ताठ मानेनं. कधी कुणाचं काही बुडवलं नाही, कधी काही उधारीवर घेतलं नाही, वीजबिल येईल त्या दिवशी भरलं. बचतखात्यात चार पैसे होते. तिच्यासारख्या बाईला कर्ज द्यायचं नाही तर कुणाला द्यायचं? कर्जखात्यातली बाई तरुण होती, चटपटीत, बोलताना डोळे स्क्रीनवर ठेवणारी.

‘मॅडम, तुमचा स्कोअर पाचशे एकोणचाळीस आहे.’

‘बरं,’ थोरली म्हणाली. तिला वाटलं, चांगलाच असेल. एवढे मार्क तिला शाळेत कधी पडले नव्हते.

‘साडेसातशेच्या पुढे हवा होता. या आकड्यावर आम्हाला कर्ज देता येणार नाही.’

‘पण मी केलंय काय?’

‘ते तुम्हालाच माहीत,’ बाई म्हणाली. उद्धटपणे नव्हे, दिवसातून दहांदा म्हणावं लागतं तसं. थोरलीच्या मागे पुढचं गिऱ्हाईक खुर्ची ओढायला टपलेलंच होतं.

थोरली बाहेर आली. आपण काहीच केलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि कुठल्या तरी मोठ्या यंत्राला आपण काहीतरी केलंय हे तितकंच पक्कं ठाऊक होतं. या दोन्हींतलं खरं कोणतं? निरपराध माणसाला पोलीस दिसला की तो उगाच खिसे चाचपतो, तशी ती रस्ताभर आपलं आयुष्य चाचपत चालली. कुठे एखादं बिल राहिलं का? लायब्ररीचं पुस्तक? दंतवैद्याचं उधार? शोधून काही सापडेना, आणि सापडेना म्हणून भीती आणखीच वाढली.

घाबरलेलं माणूस शहाणपण करत नाही, धडपड करतं. तिनं आठवडाभरात आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले. एक दुसऱ्या बँकेत, एक पतपेढीत, एक फोनवरच, जाहिरातीतल्या हसऱ्या जोडप्याच्या तोंडाकडे बघून. तिन्हीकडून नकार आला. शेवटच्या नकारात आकडाही लिहिलेला होता: पाचशे सोळा. आता मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. नुसतं विचारलं तरी तो खाली जात होता. म्हणजे कुणीतरी तिकडे बसून तिच्यावर नजर ठेवून आहे, असंच तिला वाटायला लागलं.

ती पुन्हा पहिल्या बाईकडे गेली. या वेळी मान ताठ नव्हती.

‘अहो, असे चार ठिकाणी अर्ज का केलेत?’ बाईनं कपाळाला हात लावला. ‘प्रत्येक अर्जाची नोंद होते. इतक्या घाईनं पैसे शोधणारा माणूस अडचणीत असणार, असं धरतात आणि थोडे गुण कापतात.’

‘मी घाबरून केले हो.’

‘घाबरलात हे त्याला कळत नाही.’ मग तिला दया आली असावी. तिनं खुर्ची पुढे ओढली. ‘हे बघा. या आकड्याला तुमचा पगार दिसत नाही, बचतखातं दिसत नाही, तुमचा स्वभावही दिसत नाही. त्याला एकच गोष्ट कळते. उधार घेतलेले पैसे तुम्ही कसे फेडले. हप्ते वेळेवर गेले का, हे सगळ्यात मोठं. मग कार्डाची जेवढी मर्यादा आहे त्यातली किती वापरून ठेवलीत. गळ्यापर्यंत वापरलीत तर वाईट. मग तुमच्या उधारीचा इतिहास किती जुना. आणि अलीकडे किती दारं ठोठावलीत.’

‘पण मी जन्मात उधार घेतलेलं नाही!’

‘मग आकडाच आला नसता. ज्यानं कधी घेतलं नाही, त्याच्यापुढे कोरं येतं. तुमच्यापुढे आकडा आलाय, म्हणजे तुम्ही घेतलंय.’

बाईनं सविस्तर अहवाल काढून स्क्रीन तिच्याकडे वळवली. एक कर्ज, काही वर्षांपूर्वीचं. आधी सगळे हप्ते वेळच्या वेळी, मग त्यावरच वाढवून घेतलेली रक्कम, आणि गेले पाच महिने लालच लाल. शेजारी एक कार्ड, काठोकाठ भरलेलं. सगळ्याच्या डोक्यावर तिचाच ओळख क्रमांक. कर्ज तिच्या अपरोक्ष जन्मलं होतं, मोठं झालं होतं आणि आता तिच्याच नावानं बोंबलत होतं.

‘कुणीतरी माझं नाव चोरलंय,’ ती म्हणाली.

‘तसं असेल तर तक्रार करा. मी कर्ज देणाऱ्यांकडून मूळ अर्ज मागवते. सही जुळवतील, ज्यानं केलं तो सापडेल, प्रकरण पोलिसांत जाईल. तुमची पाटी मग कोरी. कोऱ्या पाटीवर, बचत आणि धंदा बघून, मी साहेबांशी बोलू शकते. वेळ लागतो, पण तक्रार नोंदली गेल्याचं पत्र तुमच्या मालकांना दाखवता येईल.’

थोरलीला हायसं वाटलं. चोर बाहेरचा आहे, आपण घरातले आहोत. ‘सापडू दे मेल्याला,’ ती म्हणाली. ‘खडी फोडायला पाठवा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेणात पुढचे दात बसवत होती. एका निवृत्त मास्तरीणबाईंची कवळी होती. बाईंना दोन दातांमध्ये फट हवी होती, पूर्वीसारखी. फोन वाजला. हात मेणात असल्यामुळे तिनं तो खांद्याशी धरला. पलीकडच्या माणसानं अगदी अदबीनं धाकटीचं पूर्ण नाव घेतलं.

‘हो, बोलतेय,’ थोरली म्हणाली.

‘नमस्कार मॅडम. दुसरा नंबर आपण उचलत नाही, म्हणून या जुन्या अर्जावरच्या नंबरवर केला. पाच हप्ते झाले. आम्ही वाट बघतोय.’

थोरलीच्या हातातला दात तसाच राहिला.

‘ऐकताय ना? आपली मुलगी शाळेच्या मागच्या दारानं बाहेर पडते. निळी पिशवी असते. आमचा माणूस रोज त्याच रस्त्यानं जातो, म्हणून सांगितलं. माणसं भेटली, की ओळख राहते.’

माणूस एकदाही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, तिला ओरडता आलं असतं. तिनं फोन ठेवला आणि स्टूल सोडून ती जमिनीवर बसली. निळी पिशवी तिनंच आणलेली होती, भाचीच्या वाढदिवसाला.

जमिनीवर बसल्याबसल्या तिला सगळं दिसायला लागलं. धाकटीचा नवरा घर सोडून गेला ते वर्ष. भाड्याच्या घरासाठी अनामत भरायची होती, कर्ज काढणं भाग होतं, आणि धाकटी कर्ज देणाऱ्या कचेरीच्या पायरीवर थरथरत उभी होती. ‘ताई, तू जा ना.’ थोरली गेली. धाकटीचं ओळखपत्र दाखवलं. काउंटरवरच्या माणसानं फोटो बघितला, तोंड बघितलं, मान डोलावली. अर्ज भरताना मात्र क्रमांकाच्या चौकटीत तिनं ओळखपत्राकडे न बघता पाठ असलेला क्रमांक खरडला होता. पाठ असलेला क्रमांक म्हणजे तिचा स्वतःचा. फोन नंबरही स्वतःचाच. सही धाकटीच्या नावाची, हात थोरलीचा.

चोर सापडला होता. पोलिसांना तिनंच बोलवायला सांगितलं होतं. आता सही जुळवायला बसले, तर ती तिच्याच हाताशी जुळणार होती.

मालक आतल्या खोलीतून आले. ‘काय गं, पडलीस का?’

‘दात पडला,’ ती म्हणाली आणि टेबलाखाली शोधायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती मालकांशी खोटं बोलली आणि त्यांनी ते लगेच मानलं, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दुपारी ती धाकटीकडे गेली. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. जिन्यात एक माणूस बूट बांधत बसला होता. त्यानं वर पाहिलं तशी ती दोन पायऱ्या खाली सरकली. तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू निघाला. दार उघडंच होतं. धाकटी मोरीत वाकून नळाखाली पोहण्याचा पोशाख भिजवत होती. केससुद्धा ओले केलेले. थोरलीला बघून ती दचकली.

‘तू तलावावर नाहीस?’

‘आत्ताच आले.’

‘मग पोशाख आत्ता कशाला भिजवतेस?’

धाकटीनं नळ बंद केला. ‘तलावाला तडे गेलेत,’ ती म्हणाली. ‘पाणी सोडून दिलंय. दुरुस्ती होईपर्यंत पगार नाही, आणि दुरुस्तीचं कुणी नाव काढत नाही. पोरीला कळू नये म्हणून रोज सकाळी जाते, बागेत बसते आणि येऊन हे भिजवते.’

थोरली भांडायला आली होती. रस्ताभर तिनं शब्द जुळवले होते, चांगले धारदार. ते बाजूलाच राहिले.

‘मला सांगायला काय झालं होतं?’

‘काय सांगू? तू साठवलेलं सगळं माझ्या हातावर ठेवलं असतंस. मग कारखाना कसा घेतला असतास?’

‘आता तरी कुठे घेतेय!’ थोरली एकदम ओरडली, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. आकडा, लाल महिने, तिचा क्रमांक, बँकेतली बाई, फोनवरचा अदबशीर माणूस. निळ्या पिशवीचं ऐकल्यावर धाकटी मटकन खाली बसली. तिच्या केसांतलं पाणी फरशीवर टपटपत राहिलं.

‘माझी उधारी तुझ्या नावावर पडत होती हे मला खरंच माहीत नव्हतं गं. वाढीव रक्कम आणि कार्ड त्यांनी फोनवरच दिलं, त्याच जुन्या अर्जावर. मला वाटायचं, माझं मी बुडतेय.’

‘माहीत नव्हतं, मान्य. पण आता माहीत झालं. उद्या माझ्याबरोबर बँकेत यायचं आणि सांगायचं, की कर्ज तुझं आहे. ती बाई क्रमांक दुरुस्त करून घेईल. बाकी काही करायचं नाही.’

‘आणि घर?’ धाकटी हळूच म्हणाली. ‘करार या महिन्यात संपतोय. घरमालक दर वेळी माझा आकडा मागवतो. आजवर कोरंच यायचं, तर नुसती कुरकुर करून सही करायचा. हे सगळं माझ्यावर आलं की तो बाहेर काढणार. आणि घर नसलं की पोरीचा बाप टपलेलाच आहे. मागेच म्हणाला होता, राहायला जागा नसेल तर मुलगी मी नेतो.’

थोरलीला हे सुचलंच नव्हतं. दोघी एकाच फळीवर उभ्या होत्या आणि फळीवर जागा एकीचीच होती. तिला बहिणीची कीव आली आणि त्याच वेळी इतका राग आला, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

‘घराचं आपण बघू,’ ती म्हणाली. ‘माझ्या वरच्या खोल्या आहेत ना. दोघी या राहायला. पण खोल्या राहायच्या तर कारखाना राहायला हवा. कळतंय तुला? तू बोललीस तरच.’

‘बोलते,’ धाकटी म्हणाली. ‘तुझी शप्पथ, बोलते.’

तेवढ्यात भाची आली, निळी पिशवी फेकली आणि आईच्या ओल्या केसांत हात घालून म्हणाली, ‘आज किती पोरं बुडवलीस?’ धाकटी हसली. इतकं सराईत हसली, की थोरलीलाही ते खरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या दाराशी धाकटीचे पाय अडखळले. थोरलीनं तिचा दंड धरला. आतापर्यंत अशा प्रत्येक दारातून थोरली एकटी आत जायची आणि धाकटी बाहेर थांबायची. आज पहिल्यांदाच दोघी एकत्र आत गेल्या. कर्जखात्यातल्या बाईनं मान वर केली, एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं आणि खुर्चीत ताठ बसली.

‘अच्छा,’ ती म्हणाली. ‘असं आहे होय.’

थोरलीनं घडलं ते सांगितलं. सहीचं तेवढं गाळून. बाई शहाणी होती, तिनं गाळलेलंही ऐकलं असावं.

‘ऐका,’ ती आवाज उतरवून म्हणाली. ‘ज्यानं कर्ज घेतलं त्यानं स्वतः सांगितलं, की हे माझं आहे, तर क्रमांकाची चूक म्हणून विषय संपतो. अर्ज कुणी भरला, सही कुणाच्या हातची, हे कुणी उकरून काढत नाही. पण दोघींनी नाही म्हटलं, तर मला ही तक्रार पुढे पाठवावीच लागेल. मग सही जुळवली जाईल. हे माझ्या हातात राहणार नाही.’ ती धाकटीकडे वळली. ‘मॅडम, तुम्ही सांगा. बहिणीनं नाही. हे कर्ज तुमचं आहे का?’

मध्ये काच नव्हती, नुसतं टेबल होतं. पण टेबलावर शिक्का होता. धाकटीची नजर त्यावर खिळली. ओठ हलले.

थोरलीनं दातांखाली जीभ धरली. तोंडात शब्द तयार होते, नेहमीचे, पाठ असलेले. आज ते उपयोगाचे नव्हते. आज दुसऱ्या कुणी बोलून चालणार नव्हतं. बोल, ती मनात म्हणत होती, एकदा बोल, फक्त ‘हो’ म्हण. खुर्चीखाली तिची पावलं एकमेकांवर दाबली गेली होती.

‘मॅडम?’

धाकटीनं मान वर केली. थोरलीला तिचा चेहरा समोर दिसला, म्हणजे स्वतःचाच, पण भीतीनं पार पांढरा पडलेला.

‘नाही,’ धाकटी म्हणाली. ‘मला यातलं काही माहीत नाही.’

आवाज स्पष्ट होता. इतक्या वर्षांत तिला खिडकीसमोर पहिल्यांदा आवाज फुटला होता.

थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाईनं ड्रॉवरमधून मागवलेल्या अर्जाची प्रत काढली आणि थोरलीपुढे सरकवली.

‘मग मला तुम्हाला विचारावं लागेल. ही सही तुम्ही ओळखता?’

नाव धाकटीचं. अक्षर थोरलीचं, शेवटच्या अक्षराला तिची नेहमीची मुरड. ही सही आणखी कशाशी जुळवायची? थोरलीपुढे दोन रस्ते होते आणि दोन्हींवर अंधारच होता. ‘ही खोटं बोलतेय’ म्हणावं, तर आज ना उद्या ते सिद्ध होईल, धाकटीचं घर जाईल, घरामागून पोरगी जाईल. आणि सही खोटी केली म्हणून तिला स्वतःलाही कुणी सोडणार नाही. गप्प बसावं, तर तक्रार तिच्याशिवायच पुढे चालेल. तिनं बहिणीकडे पाहिलं. धाकटी मांडीवरचे हात एकमेकांत पिळत होती आणि तिच्याकडे बघत नव्हती. शाळेच्या खिडकीशी अशीच उभी राहायची. त्या वेळी थोरलीला तिचं हसू यायचं. आता तिला इतकी भीती वाटत होती, की तिच्यात रागाला जागाच उरली नव्हती.

‘सही माझीच आहे,’ थोरली म्हणाली. ‘कर्जही माझंच. कार्डही.’

‘तुम्ही म्हणाला होतात, जन्मात उधार घेतलं नाही.’

‘घेतलं होतं. विसरले होते.’

बाई तिच्याकडे बघत राहिली. तिला काय खरं ते कळलं होतं, हे थोरलीलाही कळलं. ‘मग तक्रार मागे घेतल्याचं लिहून द्या,’ बाई शेवटी म्हणाली. ‘नाव फसवं लिहिल्याचं मी मुद्दाम वर काढत नाही. हप्ते भरत राहा. नियमित भरलेत तर वर्ष-दोन वर्षांत आकडा सुधारतो. पण तुमच्या कारखान्याचं आता माझ्याकडून काही होणार नाही.’

‘माहितेय,’ थोरली म्हणाली आणि तिनं सही केली. या वेळी स्वतःच्या नावाची.

बाहेर ऊन होतं. लोक आपापल्या कामाला जात होते. धाकटी बँकेच्या भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडायला लागली. थोरली तिच्याशेजारी उभी राहिली. तिला मालकांना फोन करायचा होता, कंपनीला हो म्हणा म्हणून सांगायचं होतं. खोल्या रिकाम्या कधी करायच्या, हेही विचारायचं होतं. अदबशीर माणूस आता तिलाच फोन करणार होता, आणि बचतखात्यातले चार पैसे त्याच्या हप्त्यांना जाणार होते.

‘मी ‘नाही’ म्हणणार नव्हते गं, घाबरून तोंडातून निघून गेलं,’ धाकटी हुंदक्यांतून म्हणाली. ‘मला वाटलं, मी अडकले की तू बोलशील. नेहमीसारखी.’

‘बोलले की,’ थोरली म्हणाली, आणि मालकांचा नंबर लावला.